कुमुदताईंची चूक

“हात काढा,” कुमुदताई म्हणाल्या.

मी काढला नाही. उलट त्यांच्या बगलेतली पकड आणखी आवळली. त्यांचा उजवा पाय गाडीच्या पायरीवर होता आणि डावा, पोलिओचा, लोखंडी पट्ट्या बांधलेला, अजून खाली रस्त्यावर होता. मधल्यामध्ये बाई डुलत होत्या.

“शेवाळे, हात काढा म्हणते ना. ज्वारीचं पोतं चढवताय का?”

“ताई, पडाल.”

“पडले तर मी पडेन. तुम्हाला काय त्याचं?”

आता मला काय त्याचं म्हणजे? गाडीचा ड्रायव्हर मी. पण बाईंचा आवाज असा होता की हात आपोआप सुटला. त्यांनी काठी कोपरात अडकवली, दाराजवळचा दांडा दोन्ही हातांनी धरला, एक श्वास घेतला आणि स्वतःला वर ओढलं. मग डावा पाय हाताने उचलून आत घेतला. मग वळल्या, बसल्या, पट्टा लावला. चांगली दोन मिनिटं गेली. मागे एक दूधवाला हॉर्न वाजवून वाजवून बेजार झाला होता.

“झालं. चला आता,” त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बाई फटकळ आहे, हिच्याशी आपलं काही जमायचं नाही.

ही चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडातल्या एका ट्रस्टने ही गाडी तेव्हा नवीनच सुरू केली होती. नाव ‘सोबत’. वय झालेल्यांनी, अपंगांनी आदल्या दिवशी फोन करायचा, गाडी दाराशी यायची, म्हणाल तिथे नेऊन परत घरी सोडायची. दवाखाना, बँक, देऊळ, लग्नकार्य, काहीही. मी एस.टी.तून निवृत्त होऊन घरी बसलो होतो. बसलो होतो म्हणजे बायकोच्या कामात लुडबुड करत होतो. तिनेच एक दिवस पेपरातली जाहिरात माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, “जावा कुठंतरी, माझ्या डोक्याचा भुगा व्हायच्या आत.”

एकतीस वर्षं एस.टी. चालवली होती. एवढ्या वर्षांत माणूस सोडा, कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नव्हती. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला होता तो मी शर्टाच्या खिशावर लावूनच ट्रस्टच्या ऑफिसात गेलो. ट्रस्टचं काम बघणाऱ्या इनामदार मॅडमनी बिल्ला बघितला, बाकी काही विचारलंच नाही.

कुमुदताई वेदपाठक आमच्या अगदी पहिल्या प्रवाशांपैकी. वय एकोणसत्तर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी झालेली. लग्न केलं नव्हतं. मंगळवार पेठेत तळमजल्यावर दोन खोल्या, स्वतःच्या. चालायच्या काठीवर, पण वय झाल्यावर लांब चालणं सुटलं होतं. रिक्षावाले त्यांना बघून तोंड फिरवायचे, कारण चढायला दोन मिनिटं आणि उतरायला दोन मिनिटं कोण थांबणार? त्यामुळे गाडी सुरू होईपर्यंत सहा वर्षं बाई घराच्या बाहेर म्हणून पडल्या नव्हत्या. दुकानदार पाठवेल ते सामान आणि शेजारीण आणेल ती भाजी.

पहिल्याच गुरुवारी त्यांनी मला मंडईत न्यायला लावलं. मी म्हटलं, “काय पाहिजे सांगा, मी आणतो पळत जाऊन.” तर म्हणाल्या, “तुम्ही गाडीत बसून तंबाखू मळा.” आणि काठी टेकत टेकत वांग्यांच्या ढिगाशी जाऊन उभ्या राहिल्या. कृष्णाकाठची वांगी ती, नोव्हेंबरात काय सुरेख येतात. एकेक वांगं उचलायच्या, देठ बघायच्या, दाबायच्या, परत ठेवायच्या. भाजीवाली वैतागली. तासाभराने बाई अर्धा किलो वांगी घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, की परत जाताना मी आरशातून दोनदा बघितला.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “शेवाळे, एस.टी.त तुम्ही गाडी कधी हलवायचात?”

“कंडक्टरनं डबल बेल दिली की.”

“कंडक्टरला तुम्ही हाताला धरून चढवायचात?”

“कंडक्टरला कशाला चढवीन मी?”

“मग ठरलं. तुम्ही तुमच्या जागेवर बसायचं. मी माझी चढणार, माझी बसणार, पट्टा लावणार. मग काठी दोनदा वाजवणार. तोवर गाडी हलवायची नाही आणि मागे वळून बघायचं नाही. तुम्ही बघायला लागलात की मला पाय उचलत नाही.”

हे नियमात बसत नव्हतं. दर फेरीला एक तक्ता भरावा लागायचा. त्यात छापलेलं असायचं, ‘चालकाने प्रवाशास स्वतः बसवले’, ‘चालकाने पट्टा लावला’. पुढे चौकोन. मॅडमचा त्यावर फार कटाक्ष होता. मी बिनदिक्कत दोन्ही चौकोनांत खूण करायचो. खोटं होतं, पण कुणाचं बिघडत होतं? बाई खूश, मीही खूश. खरं सांगतो, मागून ठक्-ठक् आलं की मला एस.टी.त असल्यासारखं वाटायचं. त्यांनाही त्यात मजा यायला लागली. कधी कधी म्हणायच्या, “चला, पाटण, चाफळ, उंब्रज!” आणि आम्ही जायचो बँकेत.

मंगळवारी बँक नाहीतर वाचनालय, गुरुवारी मंडई, शनिवारी घाट. घाटावर संगम दिसेल अशी जागा बघून बसायच्या, शेंगदाणे खायच्या, तासाभराने परत. त्यांना एकदा विचारलं होतं मी, तिथं बसून काय करता म्हणून. म्हणाल्या, “बसते.”

एक गोष्ट मात्र त्यांनी आपण होऊन सांगितली होती. त्यांचा भाचा निनाद, धाकट्या बहिणीचा मुलगा, पुण्यात होता. बहीण गेली, त्यामुळे आता त्यांचं म्हणावं असं तेवढंच एक माणूस. मुलगा वाईट नव्हता. रोज रात्री आठला फोन करायचा. पण त्याचं एकच टुमणं, मावशी, इकडे ये. अकराव्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट, बाई ठेवू दिवसभराची.

“तो आणि त्याची बायको जाणार ऑफिसला,” कुमुदताई म्हणाल्या, “आणि मी बसणार त्या बाईच्या ताब्यात. ही गाडी सुरू झाली म्हणून त्याने मला मुदत दिलीय. म्हणाला, तुझं तुला जमतंय तोवर राहा. ज्या दिवशी काही झालं, त्या दिवशी बॅग भरायची. मी हो म्हटलंय. शब्द दिलाय.”

“काही होत नाही वो,” मी म्हटलं. “एकतीस वर्षं...”

“माहितीय, कोंबडी नाही आली.”

डिसेंबरातल्या एका गुरुवारी ते झालं.

मंडईसमोर गाडी लावली होती. साखर कारखाना सुरू झालेला, त्यामुळे रस्त्यात उसाच्या गाड्या. माझ्या मागे एक ट्रॅक्टर येऊन थांबला, दोन ट्रेलर जोडलेला, वर गाणी लावलेली. त्याला पुढे जायला जागा नव्हती. त्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मी उजव्या आरशात बघून त्याला हात करत होतो, थांब बाबा, थांब. डाव्या बाजूने कुमुदताई चढत होत्या. त्या दिवशी त्यांच्याकडे वांग्यांची पिशवी होती आणि शिवाय पेरूंची. एरवी त्या काठी कोपरात अडकवायच्या. त्या दिवशी हात रिकामा नव्हता म्हणून त्यांनी काठी आधी आत, सीटला टेकवून ठेवली. हे मला नंतर दवाखान्यात त्यांच्याकडून कळलं.

काठी घसरली. आधी सीटच्या लोखंडावर आपटली, मग पायरीवर. ठक्-ठक्.

मी गाडी सोडली.

पायाला विचारावं लागत नाही हो. एकतीस वर्षांची सवय ती. पण त्याच एकतीस वर्षांत आणखी एक गोष्ट शिकवलेली असते, ती नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात. बेल कंडक्टरची, आरसा ड्रायव्हरचा. बेल आली तरी डाव्या आरशात बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मी बघितलं नाही. गाडी दोन हात पुढे गेली असेल नसेल. एक किंकाळी ऐकू आली, ती भाजीवालीची. कुमुदताई ओरडल्या नाहीत.

उतरून पळत गेलो. त्या रस्त्यावर एका कुशीवर पडल्या होत्या, भुवईतून रक्त येत होतं, डावा हात अंगाखाली सापडला होता. आजूबाजूला पेरू. मी त्यांना दोन्ही हातांनी उचललं आणि गाडीत ठेवलं. त्या दिवशी त्या मला हात काढा म्हणाल्या नाहीत.

मनगट मोडलं होतं, भुवईला चार टाके. दवाखान्याच्या बाकावर बसून मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत लेखी द्या. मी लिहिलं, ‘प्रवासी गाडीत चढताना तोल जाऊन पडल्या.’ पाच-सहा वेळा वाचलं. त्यात खोटा एकही शब्द नव्हता. त्या चढत होत्या, तोल गेला, पडल्या. गाडी हलली होती एवढंच त्यात नव्हतं. नोकरी जाईल याची भीती होती का? होती. पण त्याहून जास्त भीती त्या बिल्ल्याची होती. मला अजून त्याची लाज वाटते.

आठ दिवसांनी मॅडमनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. निनाद पुण्याहून आला होता. चाळिशीचा, चष्मा लावलेला, रात्रभर झोप नसल्यासारखा दिसत होता. कुमुदताई गळ्यात हात अडकवून बसल्या होत्या, भुवईवर पट्टी. मला बघून त्यांनी मान हलवली, नेहमीसारखी. मी खाली बघितलं.

मॅडमनी माझा कागद वाचून दाखवला. निनाद लगेच म्हणाला, “तोल जातो. तेच मी वर्षभर सांगतोय, मॅडम. आज गाडीत चढताना गेला, उद्या बाथरूममध्ये जाईल. घरात कोणी नाही. मावशीला मी घेऊन जाणार आहे. तसं आमचं ठरलेलंच होतं.”

मॅडम म्हणाल्या, “मलाही तेच योग्य वाटतं. ट्रस्टवर जबाबदारी येते हो.”

“तोल नाही गेला,” कुमुदताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आतापर्यंत कुणी त्यांना काही विचारलंच नव्हतं.

“मी बेल दिली. पुरती बसायच्या आत दिली. मागे ट्रॅक्टर बोंबलत होता, म्हटलं बसता बसता निघू दे गाडी. घाई केली. शेवाळ्यांना बेल ऐकू आली, त्यांनी गाडी काढली. चूक माझी आहे.”

“बेल कसली?” मॅडमनी विचारलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. काठी, दोन ठोके, वळून न बघणं. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मला खुर्चीत बसवेना. “तक्त्यावर तर रोज खुणा आहेत, शेवाळे.”

“त्यांना मी बजावलं होतं,” कुमुदताई म्हणाल्या. “त्यांनी हात लावला असता तर मी गाडीत पाऊल ठेवलं नसतं. त्यांना काय बोलायचंय ते नंतर बोला. पण हे लिहून घ्या की मी पडले नाही, मी चुकले.”

निनाद एकदम चिडला. “मावशी, काय हे? एवढी कसली घाई होती तुला? अक्कल आहे की नाही? बसायच्या आधी गाडी सोडायला सांगतं का कुणी?”

“नाही सांगत. माझं चुकलं.”

“काय चुकलं! मान मोडली असती म्हणजे?”

“मोडली असती. पुन्हा नाही करणार.”

तो त्यांच्यावर ओरडत होता, आणि कुमुदताई ताठ बसून ऐकून घेत होत्या. मला वाटलं, बिचारी बाई माझ्यासाठी बोलणी खाते आहे. मॅडमनी पेन उघडलं. विचार करत म्हणाल्या, “असं असेल तर वेगळी गोष्ट आहे. पूर्ण बसल्याशिवाय खूण करणार नाही, असं लेखी द्याल?”

“देते.”

“आणि निनादसाहेब, तुमचं काय म्हणणं?”

निनाद चष्मा काढून डोळे चोळत होता. म्हणाला, “ती चुकली म्हणतेय... काय बोलणार मी? महिनाभर हाताकडे बघू. मग ठरवू.”

त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं. पण मला राहवलं नाही. आठ दिवस घास गोड लागला नव्हता. आपल्या पापाचं गाठोडं या म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवून आपण खाली बघत बसायचं? मी उभा राहिलो.

“मॅडम, ताई खोटं बोलत्यात. बेल त्यांनी दिली न्हाई. काठी पडली. सटकली आन् पडली, दोनदा आवाज झाला, मला वाटलं बेल. आन् मी आरशात बघितलं न्हाई. त्यांचा पाय पायरीवर होता तवा मी गाडी काढली. त्यांची काडीची चूक न्हाई. समदी माझी हाय. त्या मला वाचवत्यात.”

एवढं बोलून मी खिशावरचा बिल्ला काढून मॅडमच्या टेबलावर ठेवला. माझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आज मी माणसासारखा वागलो.

मॅडमनी पेन बंद केलं. निनादने चष्मा परत लावला आणि मावशीकडे न बघता मॅडमना म्हणाला, “म्हणजे काठीसुद्धा हातात राहत नाही.”

पुढचं पाच मिनिटांत उरकलं. मला कामावरून कमी केलं. कुमुदताईंना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना यापुढे सोबत माणूस असल्याशिवाय गाडी मिळणार नाही, असा नियम मॅडमनी तिथल्या तिथे लिहिला. निनाद म्हणाला, पंधरा दिवस रजा घेऊन इथेच राहतो, आवराआवर करू आणि जाऊ.

बाहेर आल्यावर निनाद रिक्षा बघायला गेला. त्या कट्ट्याला टेकून उभ्या होत्या. मी जवळ गेलो. वाटलं, काहीतरी चांगलं बोलतील. पाठीवर हात ठेवतील.

“काय गरज होती?” त्या म्हणाल्या.

“ताई, तुमच्यावर आळ...”

“आळ नव्हता तो. माझी चूक होती ती, माझी स्वतःची. आत सगळ्यांनी मानली होती. निनाद मला अक्कल नाही म्हणाला, ऐकलंत? लहानपणापासून मला असं कुणी बोललेलं नाही. बिचारी कुमुद, तिला काय बोलायचं, तिचा पाय असा. आज पहिल्यांदा त्याने मला धडधडीत शिव्या घातल्या.” त्यांचा आवाज रडण्याचा नव्हता, संतापाचा होता. “चुकलेल्या माणसाला दम देऊन घरी पाठवतात, शेवाळे. तुम्ही उभं राहून सांगितलंत की हिने काही केलंच नाही. हिच्या हातून वस्तू पडतात आणि दुसऱ्यांच्या हातून ही पडते. अशा बाईला एकटं कोण राहू देईल?”

रिक्षा आली. निनादने त्यांना बगलेत हात घालून आत बसवलं. मी तिथेच उभा राहिलो. बिल्ला मॅडमच्या टेबलावर राहिला होता, तो आणायला वर गेलो नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, निदान ती तरी म्हणेल की खरं बोललात ते बरं केलंत. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्यांनी काय सांगायचं ते त्यांनी ठरवलं हुतं की वो. तुम्हाला कुणी विचारलं हुतं?”

बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी सकाळी फोन वाजला. कुमुदताईंचा फोनवरचा आवाज फारच स्वच्छ होता, एकेक शब्द मोजून दिल्यासारखा. “शेवाळे, उद्या दहा वाजता घरी या. जमेल?” मी हो म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

गेलो. दारात दोन मोठ्या बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. निनाद खुर्चीत बसला होता, मला बघून उठला नाही. कुमुदताई बाहेर जायची साडी नेसून तयार होत्या.

“मॅडमना मी नियम फोनवर पुन्हा वाचून दाखवायला लावला,” त्या म्हणाल्या. “सोबत एक माणूस हवा. घरचाच हवा असं लिहिलेलं नाही. तुम्हाला सध्या काही काम आहे?”

“न्हाई.”

“आठवड्यातून तीन दिवस माझ्याबरोबर यायचं. जमेल?”

“जमेल की! त्यात काय? काय काय करायचं सांगा. पिशव्या धरतो, चढायला...”

“काही करायचं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही करायचं नाही. गाडीत बसायचं. मी विचारलं तर बोलायचं. मी मागितला तर हात द्यायचा. बाकी काही नाही. तुम्हाला ते जमेल का, हे मी विचारतेय. मागच्या वेळी जमलं नव्हतं.”

मी मान खाली घालून म्हटलं, “जमवतो.”

निनाद इतका वेळ ऐकत होता. तो माझ्याकडे वळला. “हिला तुमच्यासोबत सोडू? तुमच्याच हातून पडली ना ती?”

“व्हय,” मी म्हटलं.

“आणि पुन्हा काही झालं तर?”

कुमुदताई काही बोलायला गेल्या आणि थांबल्या. मला एकट्यालाच उत्तर द्यायचं होतं. “तर तुम्हाला फोन करीन,” मी म्हटलं. “पर आधी ताईंना इचारीन, काय सांगू म्हणून.”

निनाद हसला नाही. त्याने बॅगांकडे बघितलं. मग मावशीला म्हणाला, “उन्हाळ्यापर्यंत. मग मी पुन्हा विचारणार.”

“विचार की,” त्या म्हणाल्या. “विचारायला कोण नको म्हणतंय?”

गाडी आली. माझी गाडी. नवा ड्रायव्हर सुतार नावाचा होता, पस्तिशीचा, नियमाला पक्का. त्याने मॅडमनी सांगितल्याप्रमाणे कुमुदताईंना दोन्ही हातांनी धरून चढवलं, बसवलं, पट्टा लावला, तक्त्यावर खूण केली. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी शेजारी जाऊन बसलो. माझे हात शिवशिवत होते, ते मी मांडीखाली घेतले.

सुतार पुढे जाऊन बसला, आरसा नीट केला आणि आरशातून मला विचारलं, “काका, आजींना कुठं न्यायचंय?”

त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी मंडई, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? शब्द अगदी ओठांवर आला. कुमुदताईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी तोंड मिटून घेतलं.

“काका, म्हटलं आजींना कुठं न्यायचं?” त्याने मोठ्याने विचारलं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही.

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. समोरच्या ओट्यावर एक मांजर झोपलं होतं. गप्प बसणं मला जन्मात कधी एवढं जड गेलं नव्हतं. सुतारने शेवटी मान वळवली, एकदा माझ्याकडे बघितलं, नाइलाजाने त्यांच्याकडे बघितलं.

“आजी, कुठं जायचं?”

“ओगलेवाडीला,” कुमुदताई म्हणाल्या. “रेल्वे स्टेशनवर.”

“कुणाला आणायचंय का?”

“नाही.”

“मग?”

“तुमच्या तक्त्यात ‘कशासाठी’ असा रकाना आहे?”

सुतारने तक्ता वर-खाली बघितला. “नाही.”

“मग चला.”

त्याने गाडी सुरू केली. मी मंडई म्हणणार होतो.